एक गाळा, दोन खिडक्या: मॉडेल, घडण आणि बसवलेला नग यांची नोंद कशी ठेवावी?

मकरपुऱ्याची_चौकट

सर्वांना नमस्कार. वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी उभा केलेला हा व्यवसाय आता मी आणि माझी धाकटी बहीण सांभाळतो. माल मागणीप्रमाणे घडतो. सेक्शनची मालिका, ट्रॅकची संख्या, काच, रंग, कुलूप आणि जाळी ग्राहक निवडतो, मापे आमचा माणूस जागेवर जाऊन घेतो आणि त्यानंतर कापणी होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले आणि ओसरल्यावर तळमजल्यावरच्या सरकत्या दारांच्या तक्रारी एकामागून एक येऊ लागल्या. एका घराची नोंद उघडली, तर ‘दोन शटर, ५ मिमी काच’ असे लिहिलेले होते. त्याप्रमाणे आम्ही रोलर पाठवले. जागेवर मात्र दुहेरी काचेचे दार निघाले, कारण मधल्या काळात आम्हीच ते दार बदलून दिले होते आणि नव्या दाराची मागणी वेगळ्या वहीत राहिली होती. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाला नदीच्या चिखलात उभे राहून काम करावे लागले आणि हातातले रोलर त्या वजनाला पुरणारे नव्हते. त्या दिवसाची मला अजूनही लाज वाटते.

आता बहीण ही सगळी माहिती आरडीएफमध्ये, म्हणजे वस्तू आणि त्यांचे संबंध संगणकाला कळतील असे लिहिण्याच्या पद्धतीत, नीट मांडायला निघाली आहे. एका सल्लागाराने तिला सुचवले आहे की ग्राहकाने निवडलेल्या प्रत्येक घडणीचा स्वतंत्र वर्ग करावा आणि बसवलेले दार हा त्या वर्गाचा सदस्य मानावा. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. मॉडेल, घडण आणि प्रत्यक्ष नग या तिघांची रचना आपण कशी कराल?

दांडियाबाजारकर

आधी गाळ्याला, म्हणजे खिडकी जिथे बसते त्या भिंतीतल्या जागेला, क्रमांक द्या, मग खिडकीला. बाकी सगळे त्यानंतर.

विदा_आणि_वाळवण

सल्लागारांचा मार्ग कुठे अडतो, ते आकड्यांतच दिसते. समजा तुमच्याकडे सेक्शनच्या ३ मालिका, ट्रॅकचे ३ प्रकार म्हणजे दोन, अडीच आणि तीन, ६ रंग, ५ प्रकारच्या काचा, ४ कुलुपे आणि जाळी असणे किंवा नसणे एवढेच पर्याय आहेत. गुणाकार केला की २१६० घडणी होतात, आणि त्यात रुंदी-उंची अजून आलेली नाही. माप मिलिमीटरगणिक बदलते, म्हणून घडणींची संख्या मोजण्यापलीकडे जाते. ज्या वर्गात जन्मभर एकच सदस्य राहणार, तो वर्ग कोणत्याही प्रश्नाचे उत्तर सोपे करत नाही.

माझ्या मते वर्ग थोडे आणि टिकाऊ असावेत: सरकती खिडकी, उघडती खिडकी, सरकते दार, फार तर त्यांच्या मालिका. ग्राहकाने निवडलेली घडण हा वर्ग नव्हे. ती एक स्वतंत्र वस्तू आहे, जिला आपण ‘घडणपत्र’ म्हणू. तिचे स्वतःचे गुणधर्म असतात, तिची तारीख असते आणि तिला मंजुरी देणारा माणूस असतो. नग त्या घडणपत्राबरहुकूम बनलेला असतो, त्याचा सदस्य नसतो. ‘बरहुकूम’ आणि ‘सदस्य’ हे दोन वेगळे संबंध आहेत, आणि तुम्हाला न पटण्याचे कारण बहुधा यातच आहे.

कलाभवनचे_निवृत्त

चर्चा वाचून समाधान वाटले. कलाभवनात, म्हणजे आता ज्याला सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा म्हणतात तिथे, मी अनेक वर्षे शिकवले. वर्ग आणि वस्तू यांचा भेद समजावताना मी नेहमी न्यायदर्शनाकडे, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या परंपरेकडे, वळत असे. शब्दाचा अर्थ काय, या वादात नैयायिकांनी जाती, आकृती आणि व्यक्ती या तिघांना स्थान दिले आहे. मला वाटते, आपले मॉडेल म्हणजे जाती, घडण म्हणजे आकृती आणि बसवलेले दार म्हणजे व्यक्ती. तिन्ही वेगवेगळ्या आहेत आणि एकीचे काम दुसरी करू शकत नाही, हे आपल्याकडे फार पूर्वी ओळखले गेले होते.

घडण ठरवण्याचे काम संगणकाकडून करून घेण्याचा इतिहासही लक्षात घेण्याजोगा आहे. लिफ्टची घडण ठरवणाऱ्या व्हीटी नावाच्या प्रणालीविषयीचा लेख १९८८ साली प्रसिद्ध झाला. ती प्रणाली आधी एक घडण सुचवत असे, एखादी अट मोडली की त्या अटीशी जोडलेली दुरुस्ती लावत असे आणि पुन्हा पुढे जात असे. पुढे हाच लिफ्टचा प्रश्न अनेक संशोधकगटांनी सामाईक कसोटी म्हणून सोडवला आणि त्यातून ऑन्टोलॉजीच्या, म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांचे संबंध नेमके मांडण्याच्या, क्षेत्रात बरेच काम झाले. मात्र त्या साऱ्या कामाचा भर लिफ्ट कशी असावी यावर होता. ती एखाद्या इमारतीत बसल्यावर तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्याच्या बाहेरचा होता.

वेदान्त_नव्हे_विदा

काका, आपल्याविषयी पूर्ण आदर ठेवून एक मतभेद नोंदवतो. नैयायिकांची आकृती ही व्यक्तीच्या अवयवांची रचना आहे, ती व्यक्तीत दिसते आणि तिच्यावरून जाती ओळखता येते. घडणपत्राचे तसे नाही. नग बनण्याच्या आधीच ते अस्तित्वात असते, आणि पुष्कळदा मागणी रद्द झाल्यामुळे त्याबरहुकूम एकही नग कधी बनत नाही. म्हणून घडणपत्राला आकृती म्हणण्यापेक्षा संकल्प म्हणणे अधिक अचूक ठरेल. हा भेद धरला नाही, तर रद्द झालेली मागणीसुद्धा यादीत एक दार म्हणून उभी राहते.

कलाभवनचे_निवृत्त

आपले म्हणणे मला मान्य आहे. आकृती ही नगाची खरी, मोजलेली रचना आणि घडणपत्र हा संकल्प, अशा दोन नोंदी असाव्यात. मी दोन्ही एकत्र केल्या, ती माझी चूक होती.

अलकापुरीची_वास्तुरचना

मी वास्तुविशारद आहे आणि बिमवर, म्हणजे इमारतीच्या माहितीसह केलेल्या संगणकीय प्रतिकृतींवर, काम करते, म्हणून अशा माहितीच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या आयएफसीमध्ये हे कसे मांडले आहे ते सांगते. आयएफसी हे आयएसओ १६७३९ या क्रमांकाचे प्रमाण आहे आणि २०१३ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात खिडकीचा प्रकार आणि खिडकीची प्रत्येक उपस्थिती वेगवेगळ्या असतात, आणि प्रकाराने ठरवलेला संबंध त्यांना जोडतो. प्रकारावर लिहिलेला गुणधर्म सगळ्या उपस्थितींना लागू होतो, पण एखाद्या उपस्थितीवर तोच गुणधर्म वेगळा लिहिला असेल, तर तिच्यापुरता तो वरचढ ठरतो.

दांडियाबाजारकरांनी एका ओळीत जे सांगितले, तेही तिथे आहे. भिंतीत आधी एक पोकळी असते, ती भिंतीला छेद देते, आणि खिडकी ती पोकळी भरते. हे दोन वेगळे संबंध आहेत आणि पोकळीला स्वतःची ओळख आहे. म्हणजे खिडकी गेली, तरी गाळा राहतो.

पण एक अडचण आहे आणि ती मला कामात पुन्हा पुन्हा भेटते. आयएफसीतली उपस्थिती ही बहुतेक वेळा आराखड्यातली खिडकी असते. ‘पहिला मजला, पूर्वेची खिडकी’ असे तिचे स्वरूप असते. तिचा अनुक्रमांक, बारकोड आणि खरेदीची तारीख लिहिण्यासाठी उत्पादकाच्या गुणधर्मांचा एक संच ठरलेला आहे. खिडकी बदलली की लोक त्या संचात नवा अनुक्रमांक भरतात, आणि जुना नग नोंदीतून नाहीसा होतो. आराखड्यातली भूमिका आणि ती भूमिका करणारा नग यांना एकाच ओळखीत बसवल्याचा हा परिणाम आहे.

देखभाल_समा

ताईंनी वर्णन केलेला प्रकार आमच्या कोबीच्या, म्हणजे इमारत हस्तांतरित करताना देखभालीची माहिती देण्याच्या ठरावीक नमुन्याच्या, कोष्टकांत रोज घडतो. मी एका मोठ्या इमारतीची देखभाल पाहतो. कोबीत प्रकाराचे पान वेगळे आणि घटकाचे पान वेगळे आहे. हमीचा कालावधी आणि अपेक्षित आयुष्य प्रकारावर लिहिले जाते, तर अनुक्रमांक, बसवल्याची तारीख आणि हमी सुरू झाल्याची तारीख घटकावर. हस्तांतराच्या दिवशी ही विभागणी उत्तम असते. अडचण त्यानंतर तीन वर्षांनी येते, कारण घटकाच्या एका ओळीत एकच अनुक्रमांक मावतो. तरीही मी कोबीच्या बाजूने दोन शब्द बोलेन. ते कोष्टक देखभालीचा मुलगा भरू शकतो. जी ऑन्टोलॉजी जागेवरच्या माणसाला भरता येत नाही, ती कितीही शुद्ध असली, तरी वर्षभरात जुनी होते.

फत्तेगंज_फिटर

मी खिडक्या बसवतो. संगणकातले मला फारसे कळत नाही, पण एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. कागदावर १२०० बाय १५०० असते आणि गाळा वर ११९६, खाली १२०३ निघतो. कोपरे गुण्यात नसतात. मग पॅकिंग देऊन आणि सिलिकॉन भरून चौकट उभी करतो. कधी रबर दुसऱ्या कंपनीचे लागते, कधी कुलूप जागेवर बदलावे लागते, कारण ग्राहकाला चावी उजवीकडे हवी असते. हे कुठे लिहायचे, असे कोणीही विचारत नाही. घडणपत्रात लिहिले, तर घडणपत्रच खोटे होते. माझ्या मते बसवणाऱ्याने काय केले, याची जागा वेगळी हवी.

विदा_आणि_वाळवण

दादा, आपण जे सांगितले, ते या धाग्याच्या गाभ्याचे आहे. बसवणी ही स्वतंत्र घटना मानली पाहिजे. ‘हे दार या गाळ्यात आहे’ असा थेट संबंध लिहिण्याऐवजी ‘बसवणी’ नावाची एक नोंद करावी. ती नग, गाळा, तारीख आणि बसवणारा माणूस यांना जोडेल. जागेवर केलेले बदल त्याच नोंदीत राहतील. दार काढले की ‘काढणी’ ही दुसरी घटना नोंदवावी. मग आज या गाळ्यात काय आहे, याचे उत्तर घटनांवरून काढता येते आणि दोन वर्षांपूर्वी काय होते, तेही हरवत नाही.

थेट संबंध लिहिण्याचे परिणाम मी स्वतः भोगले आहेत, ते सांगतो. एका गृहप्रकल्पाच्या विदेत आम्ही ‘गाळ्यात बसवलेला नग’ हा गुणधर्म आउलमध्ये, म्हणजे ऑन्टोलॉजी लिहिण्याच्या भाषेत, एकमूल्य घोषित केला होता. गाळ्यात एका वेळी एकच खिडकी असते, त्यामुळे ते बरोबरच वाटले. खिडकी बदलली, नव्या नगाची नोंद झाली आणि जुनी नोंद काढायची राहिली. यंत्रणा चूक दाखवेल, अशी माझी अपेक्षा होती. पण आउलमध्ये दोन वेगळी नावे म्हणजे दोन वेगळ्या वस्तू, असे गृहीत धरलेले नसते. एकमूल्य गुणधर्माची दोन मूल्ये दिसली, म्हणजे ती दोन नावे एकाच वस्तूची असली पाहिजेत, असा निष्कर्ष तर्कयंत्राने, म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून अनुमान काढणाऱ्या प्रणालीने, काढला. जुनी आणि नवी खिडकी एक झाली, दोघींचे अनुक्रमांक एकत्र आले आणि नव्या खिडकीला जुन्या खिडकीच्या तक्रारी चिकटल्या. तर्कयंत्राची काहीच चूक नव्हती, आम्ही लिहिलेल्या विधानाचा अर्थच तो होता. दोन नग भिन्न आहेत, असे स्पष्ट लिहिले असते, तर विसंगती तरी समोर आली असती.

रावपुरा_गृहिणी_अभियंता

मग अटी कुठे लिहायच्या? माझा अनुभव असा की आउल आणि शॅकल, म्हणजे विदा अटींवर तपासण्याची भाषा, यांची कामे वेगळी ठेवली, तर पुष्कळ त्रास वाचतो. आउल हे मोकळ्या जगाचे गृहीतक मानते, म्हणजे जे लिहिलेले नाही ते खोटे असे धरत नाही. घडणपत्रात कुलूप लिहिलेले नसेल, तर ‘कुलूप असेल, अजून कळलेले नाही’ असा त्याचा अर्थ होतो. कारखान्याला मात्र ‘कुलूप लिहिल्याशिवाय कापणीला पाठवू नका’ असे म्हणायचे असते. असे म्हणण्याची सोय शॅकलमध्ये आहे, आणि २०१७ पासून ती डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानके ठरवणाऱ्या संस्थेची शिफारस आहे.

आपल्या रोलरचाच प्रश्न घेऊ. काचेचे वजन दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला साधारण २.५ किलो असते. १.२ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच शटरचे क्षेत्रफळ २.५२ चौरस मीटर भरते. त्यात ५ मिमी काच असेल, तर काचेचेच वजन ३१.५ किलो होते. ६ मिमीच्या दोन काचांची दुहेरी काच घातली, तर ते ७५.६ किलोवर जाते आणि ॲल्युमिनियमचे वजन त्याहून निराळे. रोलरची वहनक्षमता रोलरच्या मॉडेलवर लिहिलेली असते, काच आणि माप घडणपत्रावर असते. ‘शटरचे वजन रोलरांच्या एकूण क्षमतेपेक्षा कमी असले पाहिजे’ हा नियम त्या दोघांमध्ये उभा आहे, म्हणून त्याची तपासणी घडणपत्र मंजूर होतानाच व्हावी. बसवलेल्या नगाची तपासणी मात्र त्याच्या स्वतःच्या मोजलेल्या गुणांवरून व्हावी, कारण तिथे फिटरदादांनी सांगितलेले बदल झालेले असतात.

देखभाल_समा

ताई, हिशोब नेमका दाखवल्याबद्दल आभार. चिखलात जे घडले, त्याचे कारण या दोन आकड्यांत आहे.

नव्याने_आलेली

मी विद्यार्थिनी आहे, म्हणून शंका विचारते. मॉडेलविषयीही आपल्याला बरेच काही लिहायचे असते: कोणत्या वर्षी बाजारात आले, कधी बंद झाले, त्याची किंमत काय. वर्गाला असे गुण कसे द्यायचे? मॉडेल वर्ग मानावे की वस्तू?

विदा_आणि_वाळवण

शंका अगदी योग्य आहे. दोन मार्ग आहेत. २००९ साली आलेल्या आउलच्या दुसऱ्या आवृत्तीत एकच नाव वर्ग म्हणूनही आणि वस्तू म्हणूनही वापरता येते. तर्कयंत्र त्या दोन उपयोगांना स्वतंत्र मानते. दुसरा मार्ग मला अधिक आवडतो. मार्टिन हेप यांनी २००८ मध्ये व्यापारासाठी केलेल्या गुडरिलेशन्स या शब्दसंग्रहात मॉडेल ही वर्ग नसून वस्तूच आहे. तिच्या शेजारी एक विशिष्ट नग आणि अनिर्दिष्ट काही नग असे आणखी दोन प्रकार आहेत. २०१२ मध्ये ही मांडणी स्कीमा डॉट ऑर्ग या वेबपानांसाठीच्या सामाईक शब्दसंग्रहात घेतली गेली. आपल्या कारखान्यासाठी मॉडेल ही वस्तू, घडणपत्र ही वस्तू आणि नग ही वस्तू मानावी. वर्ग फक्त या तिन्ही जातींचे असावेत.

अलकापुरीची_वास्तुरचना

मला एक प्रश्न सतावतो आणि त्यावर सर्वांचे मत हवे आहे. काच फुटली आणि बदलली, तर खिडकी तीच राहते, हे सर्वांना मान्य असेल. दोन्ही शटर बदलली तर? शटर, रोलर, कुलूप सगळे नवे आणि चौकट तेवढी जुनी राहिली तर? नग तोच म्हणायचा का?

फत्तेगंज_फिटर

चौकट भिंतीत आहे तोवर खिडकी तीच. चौकट उखडली की नवी. आमच्या कामाचा हिशोब असाच धरतात, कारण चौकट काढली की प्लास्टर फुटते आणि गवंडी लागतो.

वेदान्त_नव्हे_विदा

हा निकष मला तर्काच्या दृष्टीनेही योग्य वाटतो. ओळख कशावर टिकते, हे प्रत्येक वर्गाच्या व्याख्येतच लिहिले पाहिजे आणि ते कामाच्या सोयीने ठरवण्यात काहीही गैर नाही. खिडकीच्या नगाची ओळख चौकटीवर टिकते, शटरची ओळख शटरवर आणि कुलुपाची कुलुपावर. प्रत्येक बदलता येण्याजोग्या भागाला स्वतःचा क्रमांक असावा. भाग नगाशी जोडताना बसवणीचीच घटना पुन्हा वापरता येते, फक्त गाळ्याच्या जागी चौकट येते. काच आणि रबर यांना क्रमांक देण्याची गरज मला दिसत नाही.

देखभाल_समा

दुहेरी काचेला क्रमांक द्यावाच लागेल. तिच्या आतल्या पोकळीत बाष्प धरले, तर ती संपूर्ण बदलावी लागते, आणि तिची हमी चौकटीच्या हमीपेक्षा वेगळी असते.

वेदान्त_नव्हे_विदा

मान्य आहे. मग नियम असा करू: ज्या भागाची हमी वेगळी, त्याला क्रमांक वेगळा.

मकरपुऱ्याची_चौकट

काल रात्री बहिणीसोबत बसून मी सगळी उत्तरे पुन्हा वाचली. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला मिळाले आहे, ते आमच्या शब्दांत लिहितो, म्हणजे चूक असेल तर कोणी सुधारेल.

घडणीचा वर्ग करायचा नाही. मॉडेल, घडणपत्र, नग आणि गाळा या चार वेगळ्या ओळखी ठेवायच्या. घडणपत्र मॉडेलचे पर्याय निवडते, नग घडणपत्राबरहुकूम बनतो आणि बसवणीची घटना नगाला गाळ्याशी जोडते. मंजूर झालेले घडणपत्र पुन्हा बदलायचे नाही. जागेवरचा फरक बसवणीत किंवा नगाच्या मोजलेल्या गुणांत लिहायचा. वजनाची अट शॅकलमध्ये घालायची. कापणीच्या आधी तपासणीत जे अडेल, ते अडू द्यायचे.

आम्ही पुरात गेलेल्या त्या दाराची नोंद या पद्धतीने कागदावर मांडून पाहिली. गाळा एक, घडणपत्रे दोन, नग दोन, बसवण्या दोन आणि काढणी एक. पाच मिनिटांत दिसले की त्या दिवशी आमच्या हातात पहिल्या नगाचे घडणपत्र होते आणि समोर दुसरा नग होता.

एक प्रश्न उरतो. जुन्या ग्राहकांच्या घरी जे नग आहेत, त्यांच्यावर क्रमांक नाहीत. ते कसे ओळखायचे?

फत्तेगंज_फिटर

दुरुस्तीला जाल तेव्हा चौकटीच्या खालच्या पट्टीत, आतल्या बाजूला ठसा मारलेली छोटी पट्टी रिव्हेटने लावा. चिकटपट्टी लावू नका, पाण्यात निघून जाते. वरच्या पट्टीवरही नको, तिथे शिडीशिवाय वाचता येत नाही.

विदा_आणि_वाळवण

आणि पट्टी लावेपर्यंत त्या जुन्या नगांना तात्पुरते नाव द्या, पण घडणपत्र जोडू नका. प्रत्यक्ष मोजल्याशिवाय ‘बरहुकूम’ हा संबंध लिहायचा नाही. ती जागा रिकामी दिसली, म्हणजे फिटरला तिथे माप घेऊनच जायचे आहे, हे कार्यालयात बसलेल्यालाही कळेल.

मकरपुऱ्याची_चौकट

रिकामी जागा ठेवण्याची सूचना बहिणीला फार आवडली. सोमवारपासून समा भागातल्या दुरुस्तीच्या फेरीत पट्ट्या लावायला सुरुवात करत आहोत. फिटरदादा, पट्टी पितळेची घ्यावी की स्टेनलेसची?

फत्तेगंज_फिटर

ॲल्युमिनियमवर पितळ ओलाव्यात नको, चौकटीला गंज धरतो. ॲल्युमिनियमचीच पट्टी घ्या आणि रिव्हेटही ॲल्युमिनियमचेच.